बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी या वर्षीच्या संमेलनात आम्हांस दोन शब्द बोलण्याची विनंती केली, तेव्हा निवृत्त शिक्षक म्हटल्यावर हा गृहस्थ मुलांच्या अभ्यासाविषयी किंवा मराठी शाळांच्या भवितव्याविषयी बोलेल अशी त्यांची कल्पना असावी. आमचाही प्रथम तोच विचार होता. परंतु भाषणाच्या तयारीसाठी मंडळाच्या जुन्या स्मरणिका चाळावयास घेतल्या आणि त्यांतील एका ओळीपाशी आम्ही थांबलो. तेथून पुढे दुसरा विषय सुचेना. आम्ही चिटणिसांस विषय कळविला, तेव्हा ते क्षणभर स्तब्ध राहिले व म्हणाले, "गुरुजी, हा विषय बायकांचा. आपण त्यावर बोलावे का?" आम्ही म्हटले, "आजवर तो बायकांचा म्हणून आपण बोललो नाही. एकदा बोलून पाहू." त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो.

विषय आहे बाळंतिणीच्या मनाचा.

आम्ही डॉक्टर नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. १९७६ साली मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत ३९ वर्षे मुलांस शिकविले. आमचे शिक्षण एवढेच. पुढे जे सांगणार आहो ते काही वाचून, काही जाणत्यांस विचारून आणि बरेचसे स्वतःच्या घरात सोसून कळलेले आहे.

ती ओळ १९७४ च्या स्मरणिकेत, 'दुःखद निधन' या सदरात आहे. आमच्या थोरल्या बहिणीचे नाव, वय वर्षे २३, आणि पुढे: "बाळंतपणानंतर विहिरीवर पाय घसरून अपघाती निधन." ही ओळ खरी नाही. आम्हांस हे ठाऊक असण्याचे कारण असे की, ती ओळ आम्हीच लिहिली आहे. आमचे अक्षर चांगले म्हणून वडिलांनी मजकूर सांगितला आणि आम्ही तो पोस्टकार्डावर उतरवून मंडळाकडे धाडला. तेव्हा आम्ही १४ वर्षांचे होतो.

आम्ही तिला आक्का म्हणत असू. आमच्याहून नऊ वर्षांनी मोठी, मोठ्याने हसणारी, आम्हांस पाढे पाठ करून घेणारी. दुसऱ्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली आणि ज्येष्ठात तिला मुलगी झाली. पहिलीही मुलगीच होती. बाळंतिणीच्या देहाची जी काळजी आपल्या घरांत घेतात, तीत आमच्या आईने काही उणे ठेवले नाही. शेक-शेगडी झाली, तेलमालीश झाली, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशेपा, सर्व यथास्थित झाले. पाचवी पुजली, बाराव्या दिवशी बारसे झाले. आणि त्यानंतर आक्का बोलेनाशी झाली.

पुढ्यातल्या पानाकडे ती नुसती पाहत बसे. मूल रडत असे आणि ही आढ्याकडे डोळे लावून असे. रात्री घर झोपले तरी तिच्या खोलीतून कुशी बदलल्याचा आवाज येई. एका संध्याकाळी आम्ही कंदिलापाशी अभ्यास करीत असता ती जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबू, मला काही वाटतच नाही रे. हिला घेतलं तरी काही वाटत नाही." आम्ही विचारले, "आईला सांगू?" ती म्हणाली, "नको." आम्ही सांगितले नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपापल्या परीने अर्थ लावले. कोणी म्हणाले, दुसरीही मुलगीच झाली म्हणून रुसून बसली आहे. कोणी म्हणाले, कामाचा आळस. शेजारच्या आजींनी बाहेरचे काही असेल म्हणून अंगारा लावला. सासरी गेली की आपोआप ताळ्यावर येईल, यावर मात्र सर्वांचे एकमत होते. हे सारे लोक तिच्यावर जीव टाकणारे होते, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु "तुला काय होते आहे?" असे तिच्याजवळ बसून एकानेही विचारले नाही. एकेचाळिसाव्या दिवशी पहाटे ती परसातल्या विहिरीकडे गेली आणि परत आली नाही.

ते तान्हे मूल आमच्या आईने वाढविले. आज आमची ही भाची पन्नाशी ओलांडून गेली आहे, दोन मुलांची आई आहे आणि याच सभागृहात बसलेली आहे. तिच्या अनुमतीवाचून आम्ही यातील एक शब्दही बोललो नसतो. लहानपणी तिने एक वाक्य अनेकांच्या तोंडून ऐकले: "जन्मताच आईला खाल्लं हिने." पाय घसरला म्हणून सांगणाऱ्या घरांतच हे वाक्यही बोलले जात असे. आक्काला आजार झाला होता आणि त्या आजारात तिच्या मुलीचा काडीचाही दोष नव्हता, हे तिला सांगावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली; कारण तो आजार होता हे आम्हांसच कळले नव्हते.

आता या आजाराविषयी. डॉक्टर यास 'पोस्टपार्टम डिप्रेशन' म्हणतात. मराठीत प्रसूतिपश्चात नैराश्य म्हणता येईल. बाळंतपणानंतर मनाच्या तीन निरनिराळ्या अवस्था संभवतात आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली अगदी सौम्य. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बायकांस उगीचच रडू येते, चिडचिड होते, घडीत हसू घडीत आसू असे होते. शरीरातील संप्रेरके एकाएकी उतरतात, झोप मोडलेली असते, अंग दुखत असते. निम्म्याहून अधिक बाळंतिणींस हा अनुभव येतो आणि दोन आठवड्यांच्या आत तो आपोआप ओसरतो. त्यास औषध लागत नाही. विश्रांती आणि मायेचा शब्द पुरतो.

दुसरी अवस्था म्हणजे हे नैराश्य. येथे उदासी दोन आठवड्यांनंतरही हटत नाही. कशातच गोडी वाटत नाही, मूल झोपले तरी आईस झोप येत नाही, अन्न नकोसे होते, "मी आई होण्यास नालायक आहे" असे विचार मनात घर करतात. कित्येकींस बाळाविषयी माया वाटेनाशी होते आणि त्याची लाज वाटून त्या कोणापाशी बोलत नाहीत. कित्येकींस उलट बाळाची सतत धास्ती वाटते. मरणाचे विचारही येऊ लागतात. हा आजार गरोदरपणातच सुरू झालेला असू शकतो आणि बाळंतपणानंतर वर्षभरात केव्हाही डोके वर काढू शकतो.

तिसरी अवस्था क्वचित येते, हजार बाळंतपणांत एक-दोन वेळा. परंतु ती अत्यंत घातक होय. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच ती दिसू लागते. बाळंतीण दिवसचे दिवस झोपत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, घरच्यांचा किंवा बाळाचा भलताच संशय घेते. अशा वेळी एक रात्रही वाट पाहू नये. तिला आणि बाळाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मांत्रिकाकडे नेणाऱ्यांस आम्ही एवढेच सांगतो की, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारझोड करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

हे नैराश्य किती जणींस होते? २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत २०,०४३ मातांची माहिती होती, आणि प्रमाण निघाले शेकडा २२. आपल्या ज्ञातीत शंभर पाळणे हलले, तर त्यांतील वीस-बावीस पाळण्यांची दोरी अशा आईच्या हाती असणे संभवनीय आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी नवजातांच्या अभिनंदनाची यादी छापतात. ती यादी आता आम्हांस निराळ्या दृष्टीने वाचावी लागते.

आपल्या शेजारच्या गोव्यातील एक अभ्यास येथे विशेष सांगण्यासारखा आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २००२ साली प्रसिद्ध केला. तेथील जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या २५२ मातांपैकी ५९ जणींस सहा ते आठ आठवड्यांच्या वेळी नैराश्य आढळले. त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. कारणे शोधता काय दिसले? घरातील ओढगस्त, नवऱ्याशी न पटणे, नवऱ्याकडून होणारी मारहाण, आणि मुलगी होणे. आधीची मुलगी असता पुन्हा मुलगी झाली तर अधिकच. म्हणजे संप्रेरके देहातली असली, तरी त्यांवर जे ओझे पडते त्यातले पुष्कळसे आपण घरचे लोक ठेवीत असतो. आमच्या घरातले वडीलधारे "मुलगीच झाली म्हणून" असे म्हणाले, त्यात सत्याचा एक कण होता. मात्र दोष आक्काचा नसून, दुसऱ्या मुलीच्या बारशास उतरलेल्या चेहऱ्यांनी बसलेल्या आम्हा सर्वांचा होता.

तरीही केवळ मुलगी झाल्यानेच हा आजार होतो असे कोणी समजू नये. याविषयीचा धडा आम्हांस आमच्याच घरात दुसऱ्यांदा मिळाला. आमची धाकटी कन्या २०२३ साली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मुलगा झाला. नोकरी चांगली, २०१७ च्या सुधारणेप्रमाणे २६ आठवड्यांची पगारी रजा पदरात, जावईबापू समंजस, विहीणबाई सालस. कशाची म्हणून कमतरता नव्हती. आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती आम्हांस म्हणाली, "बाबा, मला काही वाटतच नाही. बाळ तुम्हीच सांभाळा."

ज्ञातिबंधूंनो, एकोणपन्नास वर्षांनी तेच शब्द आम्ही पुन्हा ऐकले. आम्ही लगेच शहाणपणाने वागलो असतो तर सांगण्यास बरे वाटले असते. तसे झाले नाही. आम्ही तिला म्हटले, "मन रमव. रामरक्षा म्हण. सगळ्याच बायकांना मुलं होतात." हे वाक्य उच्चारल्याची लाज आम्हांस अद्याप वाटते. एका डॉक्टरांना दाखविले, त्यांनी अशक्तपणा म्हणून शक्तिवर्धक औषध लिहून दिले. आमच्या सौभाग्यवतींनी रात्री बाळास आपल्यापाशी घेण्यास प्रारंभ केला, हेच काय ते त्या आठवड्यात घडलेले योग्य काम.

मग अठ्ठाविसाव्या दिवशी गावच्या आशाताई घरी आल्या. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यावे, अशी शासनाची योजना आहे. घरोघर जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी प्रथम यशस्वी करून दाखविली, आणि पुढे ती देशभर गेली. या भेटी मुख्यतः बाळासाठी असतात. आशाताईंनी बाळाचे वजन केले, ताप पाहिला. ही मुलगी आमचीच विद्यार्थिनी. जाता जाता ती आमच्या कन्येच्या खाटेवर टेकली आणि म्हणाली, "बाळ छान आहे. तू कशी आहेस?" आणि उत्तराची वाट पाहत बसून राहिली.

कन्या रडू लागली. अर्धा तास रडली. आशाताईंनी आणखी दोनच गोष्टी विचारल्या: अलीकडे सतत उदास, निराश वाटते का, आणि पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात आता गोडी वाटेनाशी झाली आहे का? दोन्हींचे उत्तर "हो" आले. त्यांनी आम्हांस बाहेर बोलावून सांगितले, "गुरुजी, हा आजार आहे. बरा होतो. उगाच वेळ घालवू नका." आणि एका कागदावर पाच आकडे लिहून दिले: १४४१६.

हा केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक होय. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. दूरध्वनीस पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही लावता येतो आणि मराठीत बोलता येते. जिला त्रास आहे तिनेच बोलावे असेही नाही. घरच्यांसही सल्ला विचारता येतो. आम्ही रात्री साडेनऊला ओसरीवर बसून तो लावला. पलीकडच्या बाईंनी घाई न करता सर्व ऐकून घेतले. मरणाचे विचार येतात का, हे कन्येस स्पष्ट विचारा, असे त्यांनी सांगितले. आम्हांस भीती वाटली की, विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल. त्या म्हणाल्या, "विचारल्याने तो विचार शिरत नाही. ज्याच्या मनात असतो त्याचे ओझे हलके होते." आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. कन्या म्हणाली, "येतात. पण मला मरायचं नाही." त्या रात्रीपासून तिला एकटे ठेवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो.

तेथे तिच्याकडून एक प्रश्नपत्रिका भरून घेतली. आम्ही जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या, पण इतकी साधी आणि इतकी उपयुक्त एकही काढली नाही. एडिंबरो येथे तयार झालेली ही पत्रिका १९८७ साली प्रसिद्ध झाली. तीत दहा प्रश्न असून ते गेल्या सात दिवसांविषयीच असतात: हसू येते का, पुढल्या दिवसांची वाट पाहावीशी वाटते का, उगीच स्वतःस दोष देता का, भीती वाटते का, दुःखामुळे झोप उडाली आहे का, रडू येते का, असे. प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण तीस. येथे मात्र अधिक गुण मिळणे चांगले नव्हे. गुण तेराच्या घरात गेले तर आजाराची शंका बळावते, आणि शेवटचा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचारांचा असल्याने त्याचे उत्तर वेगळे पाहतात. या पत्रिकेवरून निदान होत नाही. ते डॉक्टर बोलून, तपासून करतात. पण ज्या बाईस बोलता येत नाही तिला ती बोलते करते.

डॉक्टरांनी रक्त तपासून घेतले, कारण पंडुरोग आणि थायरॉइड ग्रंथीचा बिघाड यांमुळेही असा थकवा व उदासी येते. मग औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू झाली. "औषध घेतले तर अंगावरचे दूध तोडावे लागेल" ही आमच्या सौभाग्यवतींची मोठी चिंता होती. डॉक्टरांनी समजाविले की, स्तनपान चालू असता देता येतील अशी औषधे आहेत. फक्त ती त्यांनीच निवडावयाची असतात. गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने औषध बंद करावयाचे नसते. जावईबापू रजा काढून आले आणि रात्रीच्या दोन पाळ्या त्यांनी सांभाळल्या. सहाव्या आठवड्यात एका सकाळी बाळास न्हाऊ घालताना ती त्याच्याशी बोलत असल्याचे आम्ही दाराआडून ऐकले. काय बोलत होती ते ऐकले नाही. आम्ही तेथेच उभे राहिलो. आज तो नातू बालवाडीच्या वयाचा आहे आणि त्याची आई पूर्ववत नोकरी करीत आहे.

हे सर्व सांगण्याचा हेतू एवढाच की, जी वाट आम्हांस चाचपडत सापडली ती आपणांस आधीच ठाऊक असावी. ज्यांच्या गावात आशाताई येतात त्यांनी त्यांना विचारावे. शहरात राहणाऱ्यांनी जेथे बाळंतपण झाले त्या डॉक्टरांस किंवा बाळास लस टोचतेवेळी तेथील डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. १४४१६ हा क्रमांक सर्वांनी लिहून घ्यावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तेथे जावे. रुग्णालयात राहण्याची वेळ आलीच, तर आईपासून मूल तोडतील ही भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असे कलम आहे की, तीन वर्षांखालील मूल सामान्यतः उपचार घेणाऱ्या आईपासून दूर करू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २००९ पासून आई व बाळ यांस एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र कक्ष आहे. त्याच कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीस गुन्हेगार न मानता, तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. पोलिसांच्या भीतीने दडवादडवी करण्याचे आता कारण नाही.

डॉक्टर थोडे आणि बाळंतिणी फार, हे खरे. परंतु या आजारात डॉक्टरांवाचूनही पुष्कळ करता येते, याचा पुरावा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात डॉ. अतिफ रहमान यांनी गावोगावच्या साध्या आरोग्यसेविकांस शिकवून, गरोदरपणात नैराश्य असलेल्या स्त्रियांच्या घरी नियमित भेटी देण्यास लावले. त्यांनी काय करावयाचे? जवळ बसावयाचे, ऐकावयाचे, मनात रुतलेल्या एखाद्या विचाराकडे दुसऱ्या बाजूने पाहण्यास मदत करावयाची, आणि घरच्यांसही त्यात घ्यावयाचे. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा, नुसत्या साध्या भेटी मिळालेल्या गटात शेकडा ५३ माता अद्याप नैराश्यात होत्या, तर अशी सोबत मिळालेल्या गटात शेकडा २३. पुढे गोव्यातही शेजारपाजारच्या सामान्य स्त्रियांस शिकवून याच धर्तीवर काम झाले. म्हणजे आपल्या ज्ञातीतील कोणत्याही समंजस भगिनीस हे शिकता येईल.

आपल्या रीतीभातींविषयीही एक शब्द. माहेरचे बाळंतपण, सव्वा महिन्याची विश्रांती, आयते गरम अन्न, तेलपाणी करणारी बाई, या चालींमागे मोठे शहाणपण आहे. त्या मोडू नयेत. परंतु तिला अंधाऱ्या खोलीत एकटे ठेवणे, भेटीस येणाऱ्यांनी प्रथम "मुलगा की मुलगी" विचारणे, दूध कमी म्हणून टोमणे मारणे, हे सोडावे. भेटीस जाणाऱ्याने आधी बाळास न पाहता आईस पाहावे. आणि नवऱ्याने "हे बायकांचे काम" म्हणून मुंबईस बसून राहू नये. रात्रीची सलग चार-पाच तासांची झोप मिळवून देणे हे तिच्यासाठी कोणत्याही लाडवाइतकेच पौष्टिक आहे.

आता मंडळापुढे आमच्या तीन सूचना.

पहिली: ज्ञातीत बाळ जन्मल्याचे कळताच मंडळ अभिनंदनाचे पत्र पाठविते. त्या पत्रासोबत एक छापील पान जावे. त्यावर या आजाराची लक्षणे, १४४१६ हा क्रमांक आणि जिल्ह्यातील उपचारांची ठिकाणे असावीत.

दुसरी: महिला शाखेतील दहा भगिनींनी पुढे यावे, जाणकारांकडून थोडे शिकून घ्यावे आणि प्रत्येक बाळंतिणीस महिन्याच्या आत एकदा व तीन महिन्यांनी एकदा भेटावे. एक अट मात्र कडक असावी. तेथे ऐकलेले बाहेर जाणार नाही. विशेषतः आपल्या वधूवर मेळाव्यात ते कानोकानी पोहोचणार नाही. धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, या एकाच भीतीने कित्येक घरांत हे दुखणे दडपले जाते, हे आपण सारे जाणतो. पडसे झालेल्या घराशी सोयरीक मोडत नाही. मग या आजारातून बरी झालेल्या मुलीच्या घराशी का मोडावी?

तिसरी सूचना आमच्या स्वार्थाची आहे. मंडळाच्या स्मरणिकेत शेवटी शुद्धिपत्र छापण्याची प्रथा आहे. नावे चुकतात, गावे चुकतात, ती तेथे दुरुस्त होतात. या वर्षीच्या शुद्धिपत्रात एक ओळ घालावी, अशी आमची संपादक मंडळास प्रार्थना आहे. १९७४ च्या स्मरणिकेत आमच्या बहिणीच्या नावापुढे 'अपघाती निधन' असे छापले आहे, तेथे 'बाळंतपणानंतरच्या आजाराने निधन' असे वाचावे. चूक मंडळाची नव्हती. मजकूर आमच्या घरून आला होता आणि अक्षर आमचे होते. दुरुस्तीचा मजकूरही आम्हीच लिहून आणला आहे. तो आता अध्यक्षमहाशयांच्या हाती देतो.

भोजनाची वेळ झाली आहे. आज आपल्यात दोन-तीन भगिनी तान्ही बाळे घेऊन आलेल्या दिसतात. पंगतीस बसण्यापूर्वी त्यांची बाळे कोणीतरी घ्यावीत, आणि त्यांना आधी वाढावे.